विश्लेषण : ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबायचे का? वाढ-विकासाचे सिद्धांत परिचारिकेच्या हाती कसे कामाला येतात?

लसीकरणाचा दिवस. कल्याणमधल्या एखाद्या आरोग्य केंद्राबाहेर कडेवर बाळे घेतलेल्या आयांची रांग. दीड वर्षाच्या मुलाला बूस्टर द्यायला आलेली आई सिस्टरला हळूच विचारते, ‘हा अजून एकही शब्द बोलत नाही. चालेल ना?’ सिस्टरने उत्तर देण्याआधीच शेजारची आजी म्हणते, ‘अगं, याचा बापही उशिराच बोलला. मुलगे बोलतात हळूहळू.’ रांग लांब असते, बाळ रडत असते आणि प्रश्न तिथेच राहतो.

असा प्रसंग कुठल्याही केंद्रावर घडू शकतो. या आईला ‘थांबा’ म्हणायचे की ‘आजच कान तपासून घ्या’ म्हणायचे, हे सिस्टरला कशावरून कळते? नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मानवी वाढ आणि विकासाचे सिद्धांत शिकवले जातात, ते याच क्षणासाठी. परीक्षेत १० गुणांची टीप म्हणून पाठ केलेली फ्रॉइड, एरिक्सन, पियाजे ही नावे वॉर्डात नेमकी कशी वापरली जातात आणि पालकांना त्याचा काय फायदा, याविषयी…

वाढ आणि विकास यात फरक काय?

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. परिचारिकेसाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढ म्हणजे जे मोजपट्टीने, वजनकाट्याने मोजता येते ते. जन्मावेळचे वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. जन्मताना सुमारे ५० सेंटीमीटर असलेली लांबी वर्षाला ७५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. डोक्याचा घेरही मोजला जातो, कारण तो मेंदूच्या वाढीची खूण असतो.

विकास म्हणजे बाळ काय करू लागले. दोन महिन्यांच्या सुमारास आईकडे बघून हसणे, तीन-चार महिन्यांत मान धरणे, आठव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसणे, वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची वाक्ये.

विकासाला ठरलेली दिशा असते. तो डोक्याकडून पायाकडे जातो, म्हणून बाळ आधी मान धरते, मग बसते, मग चालते. तो मध्याकडून टोकाकडे जातो, म्हणून आधी खांदा आणि हात हलतो, बोटांच्या चिमटीत मुरमुरा धरणे नंतर येते. क्रम बहुतेक मुलांमध्ये सारखा असतो, वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा.

महत्त्वाचे म्हणजे एक गोष्ट ठीक असली म्हणजे दुसरी ठीक असतेच असे नाही. गुटगुटीत, वजन उत्तम असलेल्या बाळालाही ऐकू येत नसू शकते. ‘बाळ चांगले धष्टपुष्ट आहे, मग काळजी कसली’ हे म्हणणे त्यामुळेच अपुरे ठरते.

कोणते सिद्धांत शिकवले जातात?

बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची या विषयाशी आधी मानसशास्त्रात आणि पुढे बाल आरोग्य परिचर्येत गाठ पडते. त्यातली चार नावे मुख्य.

सिग्मंड फ्रॉइड यांनी बालपणीचे अनुभव व्यक्तिमत्त्व घडवतात ही मांडणी केली. त्यांचे अनेक तपशील आज जसेच्या तसे मानले जात नाहीत, पण लहानपणी जे घडते त्याचा माग पुढे राहतो, हा धागा टिकून आहे.

एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर माणसासमोर एक पेच असतो. पहिल्या वर्षी विश्वास की अविश्वास, पुढच्या दोनेक वर्षांत स्वायत्तता की लाज, किशोरवयात ‘मी कोण’ हा प्रश्न आणि म्हातारपणी ‘जगलो ते बरे झाले’ ही भावना की हताशा.

ज्याँ पियाजे यांनी मूल विचार कसा करते यावर भर दिला. दोन वर्षांपर्यंत मूल स्पर्श, चव, हालचालीतून जग ओळखते. दोन ते सात वर्षांत कल्पनाशक्ती जोरात असते, पण तर्क कच्चा असतो. सात ते अकरामध्ये डोळ्यांसमोरच्या गोष्टींबाबत तर्क जमतो. त्यानंतर ‘असे झाले तर काय होईल’ असा अमूर्त विचार येतो.

जॉन बोल्बी यांनी आई किंवा सांभाळणाऱ्या माणसाशी असलेले बाळाचे नाते, त्याची ओढ, हीच बाळाची सुरक्षितता असते, असे सांगितले.

या चौघांमध्ये मतभेद आहेत. पण परिचारिकेला वाद मिटवायचा नसतो. केसपेपरवर लिहिलेल्या वयाचा अर्थ काय, एवढे तिला जाणून घ्यायचे असते.

वॉर्डात त्याचा उपयोग कसा होतो?

एकच काम घेऊ, इंजेक्शन. सुई तीच, औषध तेच. पण वय बदलले की पद्धत बदलते.

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला अनोळखी चेहऱ्याची भीती वाटू लागते. ही भीती म्हणजे हट्ट नव्हे. ‘आपला’ आणि ‘परका’ यातला फरक बाळाला कळू लागल्याची ती खूण आहे. म्हणून जाणकार सिस्टर बाळाला टेबलावर ठेवत नाही, आईच्या मांडीवरच तपासते. बाळ शांत आहे तोवर छातीचे ठोके ऐकून घेते. कान, घसा अशी रडवणारी तपासणी शेवटी ठेवते.

दोन वर्षांच्या मुलाला ‘इंजेक्शन देऊ का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’च येणार. या वयात ‘मी ठरवणार’ ही भावना तीव्र असते, हीच एरिक्सन यांची स्वायत्तता. म्हणून प्रश्न असा असावा, ‘उजव्या हाताला देऊ की डाव्या?’ सुई टळत नाही, पण निर्णयाचा थोडा वाटा मुलाकडे जातो.

चार वर्षांच्या मुलाला वाटू शकते की आपण दंगा केला म्हणूनच आजारी पडलो. पियाजे यांनी सांगितलेला कच्चा तर्क तो हाच. अशा वेळी ‘मस्ती केलीस तर सिस्टर सुई टोचेल’ ही घराघरात दिली जाणारी धमकी उपचार अवघड करते, कारण तिच्यामुळे सुई म्हणजे शिक्षा हे समीकरण पक्के होते. याच वयातल्या मुलांना टोचलेल्या जागेतून सगळे रक्त वाहून जाईल असेही वाटते. त्यावर लावलेली छोटी पट्टी वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ असली तरी मुलासाठी ती मोठा दिलासा असते.

नऊ वर्षांच्या मुलाला सिरिंज दाखवून, सुईशिवाय हातात देऊन, औषध कुठे जाते हे समजावता येते. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र आधी पडदा ओढून घेतला जाणे महत्त्वाचे वाटते.

वेदना मोजण्याचे साधनही याच विचारातून आले. लहान मुलाला ‘दहापैकी किती दुखते’ हे सांगता येत नाही. डोना वाँग या अमेरिकी परिचारिकेने कॉनी बेकर यांच्यासोबत १९८०च्या दशकात हसऱ्या चेहऱ्यापासून रडव्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. तीन वर्षांपुढचे मूल त्यातल्या चेहऱ्यावर बोट ठेवून आपले दुखणे सांगते. ही पट्टी बनवताना त्यांनी मुलांकडूनच चेहरे काढून घेतले होते. त्याहून लहान, न बोलणाऱ्या बाळासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होण्याची क्षमता पाहून गुण देण्याची वेगळी पद्धत आहे.

एका सिद्धांतामुळे रुग्णालयांचे नियम बदलले, ते कसे?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातही ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत पालकांना दाखल मुलाला भेटण्याची मुभा अगदी मोजकी असे. आई-वडील येऊन गेले की मूल रडते, म्हणून ते न आलेलेच बरे, असा तर्क होता. काही दिवसांनी मूल रडणे थांबवायचे. ‘रुळले’ असे वॉर्डात समजले जाई.

बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी वॉर्डात बसून मुलांचे निरीक्षण केले. त्यांना वेगळे चित्र दिसले. मूल आधी आक्रोश करते, मग हताश होते आणि शेवटी अलिप्त होते. शांत मूल रुळलेले नसते, त्याने आशा सोडलेली असते. त्यांनी १९५२ मध्ये ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’ हा माहितीपट दाखवला. सुरुवातीला डॉक्टरांकडून त्याला कडाडून विरोध झाला. पण १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने पालकांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे, शक्य तिथे आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली.

आपल्याकडे बालरुग्णाच्या खाटेजवळ आई असतेच. पण नवजात अतिदक्षता कक्षाच्या काचेबाहेर ताटकळणारी आई हे चित्र अनेक वर्षे आपल्याकडेही होते. आता ते बदलते आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये नवजात शिशूंच्या शुश्रूषेत आई-वडिलांना सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘कांगारू मदर केअर’ म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत. ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे धरल्यास पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे त्यात दिसले. ओढीचा सिद्धांत इथे थेट जीव वाचवणारी कृती ठरला.

मूल मागे आहे हे ठरवायचे कशावरून?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. शेजारच्या मुलाशी तुलना हा आपला आवडता मापदंड. परिचारिका मात्र एका तारखेकडे बघत नाही, ती कालावधी बघते. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर हा ‘टॉलरन्स’चा पट्टा आहे. पट्ट्याच्या आत कुठेही असाल तर ठीक, बाहेर गेलात तर तपासणी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार आधाराशिवाय बसण्याचा कालावधी ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा आहे. म्हणजे शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्या महिन्यात, तर दोन्ही ठीक. याच अभ्यासात सुमारे ४ टक्के मुले रांगलीच नाहीत, थेट उभी राहून चालू लागली. केवळ ‘रांगले नाही’ म्हणून घाबरायचे कारण नाही. पण अठराव्या महिन्यातही चालत नसेल तर थांबायचे कारणही उरत नाही.

दुसरी काळजी अपुऱ्या दिवसांच्या बाळाची. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर सहा महिन्यांचे झाल्यावर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची. याला सुधारित वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत ते धरले जाते. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

हे मापदंड परदेशीच आहेत का?

नाहीत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांचा अभ्यास करून मापदंड तयार केले. ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणून ते ओळखले जातात. त्यांची सुधारित आवृत्ती म्हणजे ‘डीएएसआयआय’ ही चाचणी. हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ बाबी त्यात तपासल्या जातात. ती प्रशिक्षित तज्ज्ञ करतात. परिचारिकेचे काम त्याआधीचे, म्हणजे कोणाला तिथवर पाठवायचे ते ओळखण्याचे.

सिद्धांत आपल्या मातीत रुजवण्याचा ठाणे जिल्ह्याचा अनुभव तर त्याहून जुना आहे. मारिया माँटेसरी यांची बालशिक्षणाची पद्धत युरोपात घडली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडी साधने परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधने बनवली, मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसोबत हे काम वाढले. सिद्धांत बाहेरचा असला तरी समोरचे मूल इथले आहे, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

परिचारिकेलाही तेच करावे लागते. पाश्चात्त्य पुस्तकात बाळाचा सांभाळ करणारी व्यक्ती म्हणजे बहुधा आई. कल्याण-डोंबिवलीत आई-वडील दोघेही सकाळची लोकल पकडतात आणि दिवसभर बाळ आजीकडे, शेजारच्या काकूंकडे किंवा पाळणाघरात असते. मग ‘बाळ दिवसभरात किती बोलते’ हा प्रश्न आईला विचारून पुरत नाही, आजीलाही विचारावा लागतो. घरात मराठी, शेजारी हिंदी, पाळणाघरात आणखी तिसरी भाषा असेल तर सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. दोन-तीन भाषा कानावर पडतात म्हणून मूल अजिबातच बोलत नाही, असे होत नाही.

थांबून पाहण्यात नुकसान काय?

काही मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि नंतर बरोबरी करतात. आजी खोटे बोलत नसते. अडचण अशी की दीड वर्षाच्या वयात ‘उशिरा बोलणारे’ मूल आणि ‘ऐकू न येणारे’ मूल घरात सारखेच दिसू शकते. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, हसते, दार आपटल्याच्या हादऱ्याने वळून बघते. त्यामुळे घरच्यांना वाटते की ऐकू येते.

श्रवणदोषासाठी तज्ज्ञांनी ठरवलेले वेळापत्रक १-३-६ असे आहे. एक महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचाराची सुरुवात. त्या तुलनेत ‘तीन वर्षांपर्यंत वाट पाहू’ म्हणणे किती महाग पडते ते उघड आहे. मेंदूचा आकार दोन वर्षांपर्यंत प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्के होतो. भाषा शिकण्यासाठी मेंदू सर्वाधिक तयार असतो तो काळ याच सुमाराचा. तपासणीत सगळे ठीक निघाले तर एक दिवस गेला एवढेच. नाही निघाले आणि दोन वर्षे गेली असतील, तर ती परत मिळत नाहीत.

कमी वजनाच्या बाळांबाबत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा अभ्यास बोलका आहे. तिथल्या नवजात अतिदक्षता कक्षातून १९८७ ते १९८९ दरम्यान घरी गेलेल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती १८ वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत होता, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी. रुग्णालयातून सुटी झाली म्हणजे काळजी संपली असे नाही, हा त्याचा साधा अर्थ.

सरकारी व्यवस्था काय आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्म ते १८ वर्षे वयातल्या मुलांमधले जन्मजात दोष, पोषणातल्या कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतल्या आरोग्य स्थिती शोधणे हे या कार्यक्रमाचे काम. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि शाळांमध्ये एकदा तपासणी करते. संशय असलेल्या मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत.

नवजात बाळांसाठी आशाताई घरी येतात. या घरभेटींच्या पद्धतीचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत केलेला प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशाच्या कार्यक्रमाचा भाग बनला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातही भेटी ठरलेल्या आहेत आणि त्यात विकासाचे टप्पे पाहणे अपेक्षित आहे.

शहरातली फट मात्र इथेच आहे. फिरती पथके अंगणवाड्या आणि सरकारी-अनुदानित शाळांमध्ये जातात. इमारतीतल्या खासगी नर्सरीत जाणारे मूल या जाळ्याच्या बाहेर राहते. त्याची आरोग्य यंत्रणेशी गाठ पडते ती लसीकरणात. सरकारी वेळापत्रकात दोन वर्षांपर्यंतच्या लसी झाल्या की पुढची लस मूल पाच वर्षांचे झाल्यावर. बोलणे, खेळणे, इतर मुलांत मिसळणे यातले फरक ठळक होतात तो नेमका हाच काळ. लस नाही म्हणून भेट नाही आणि भेट नाही म्हणून प्रश्न विचारला जात नाही. दर सहा महिन्यांनी मिळणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाच वर्षांपर्यंत असतो. तो चुकवला नाही तर निदान एक दार उघडे राहते.

हे सगळे फक्त लहान मुलांपुरते आहे का?

नाही आणि त्याचे सर्वात मोठे उदाहरण कल्याणचेच आहे. आनंदीबाई जोशी या कल्याणच्या गणपतराव जोशी यांच्या कन्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा आणि तो दहा दिवसांत गेला. या दुःखातून त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. आजच्या भाषेत बघितले तर त्या वेळी प्रसूतीच्या खाटेवर दोन रुग्ण होते, दोघेही वाढीच्या वयातले. एक नवजात आणि दुसरी स्वतः वाढत असलेली किशोरी.

कमी वयातली माता दाखल होते तेव्हा परिचारिकेला आजही हे दुहेरी भान ठेवावे लागते. किशोरवयीन मुला-मुलींसाठी महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. तिथे औषधाइतकेच महत्त्व एकांताला आणि गुप्ततेला आहे. सोबत आई उभी असताना मुलगी जे सांगत नाही, ते एकटी असताना सांगू शकते.

दुसऱ्या टोकाला वृद्ध. वॉर्डात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारे आजोबा अनेकांना ‘कटकट’ वाटतात. एरिक्सन यांच्या आठव्या टप्प्याच्या नजरेने पाहिले तर ते आयुष्याचा हिशेब मांडत असतात. ड्रेसिंग करता करता ‘मिलमध्ये कुठल्या खात्यात होतात?’ असे विचारणारी सिस्टर वेळ वाया घालवत नसते. रुग्ण बोलता होतो, जेवतो, व्यायामाला तयार होतो. उलट एखादे आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता त्यामागे संसर्ग, औषध किंवा पाण्याची कमतरता आहे का, हे पाहायला हवे, हेही त्याच अभ्यासातून कळते.

मोबाइल कुठे बसतो?

ही बातमी तुम्ही मोबाइलवर वाचत आहात, म्हणून हा मुद्दा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचनेनुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, तर दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. कारण सरळ आहे. बाळ भाषा शिकते ती देवाणघेवाणीतून. त्याने ‘बा’ म्हटले की समोरचा हसतो, उत्तर देतो, वस्तू दाखवतो. बडबडगीत लावलेला मोबाइल बोलतो खूप, पण ऐकत नाही.

दोन लोकल बदलून थकून घरी आलेल्या आई-वडिलांना दोष देण्याचा हा मुद्दा नाही. त्यासाठी वेगळा वेळही लागत नाही. अंघोळ घालताना, पोळी भरवताना, रिक्षाची वाट बघताना समोरच्या वस्तूंची नावे घेणे, बाळाच्या आवाजाला उत्तर देणे, एवढेही मोलाचे आहे.

पुढच्या लसीला जाताना काय विचारायचे?

माता व बालसंरक्षण कार्ड सोबत न्या. त्यात लसींच्या तारखांबरोबर वजनाचा आलेख आणि विकासाचे टप्पेही असतात. अनेक घरांत लसींचे पान तेवढे उघडले जाते. वजनाचा एक ठिपका फारसे सांगत नाही. दोन-तीन भेटींतले ठिपके जोडल्यावर रेषा वर जाते आहे, सपाट झाली आहे की खाली येते आहे, ते कळते. त्यामुळे वजन करून ते आलेखावर नोंदवून घ्या.

मग पुढील गोष्टी आढळल्यास सिस्टर किंवा डॉक्टरांना स्पष्ट सांगा :

• तीन महिने होऊनही बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून हसत नाही.
• पाचव्या महिन्यातही मान धरत नाही.
• दहाव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नाही.
• दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नाही.
• दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही.
• नाव घेऊन हाक मारल्यावर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, बोटाने वस्तू दाखवत नाही.
• दीड वर्षाच्या आत एकच हात सतत वापरते, दुसरा वापरत नाही.
• येत असलेली गोष्ट, मग ती बोलणे असो वा चालणे, कुठल्याही वयात बंद झाली.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे आजार आहेच असे नाही. तपासायला हवे, एवढाच तिचा अर्थ. ऐकण्याची शंका असेल तर जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चाचणीची विचारणा करता येते. वाचा व श्रवण दोषांसाठी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही आहे.

आता पुन्हा त्या रांगेतल्या आईकडे. दीड वर्ष झाले आणि एकही शब्द नाही, तर उत्तर ‘थांबा’ नाही. उत्तर आहे, ‘कान तपासून घ्या, चिठ्ठी देते.’ सिस्टर रांगेच्या गडबडीत ते म्हणाली नाही, तर आईने प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा. आणि आजीनेही या वेळी तिच्या बाजूने बोलावे.